सकाळी बुद्ध, संध्याकाळी पट्टाया

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीहून दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या बँकॉक-पट्टाया सहलीत वैराग्यासाठी साधारण पाऊण तास राखून ठेवलेला असतो.

तेवढ्यात बँकॉकचं वाट फो मंदिर उरकायचं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, म्हणून बर्म्युडावर आयत्या वेळी बायकोची ओढणी गुंडाळली जाते; चपला हातात. आत ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच असे पहुडलेले बुद्ध. तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं आहेत, पण सेल्फीत चेहराच हवा. भिंतीलगत १०८ कांस्यपात्रं. सुटी नाणी विकत घ्यायची आणि एकेका पात्रात टाकत पुढं सरकायचं. इथे मात्र मंडळी रमतात. घाटकोपरचे एक काका नाणी मोजून घेतात, दोन कमी भरतात, आणि अपरिग्रह काउंटरवरच अडकतो.

"काकू, भिक्षूंना हात नका लावू हं!" टूर मॅनेजर ओरडतो. काकू ठेपले शोधत असतात.

मग पट्टाया. वॉकिंग स्ट्रीटवर 'नुसतं बघून येतो' म्हणून गेलेल्यांना घड्याळ दिसत नाही.

इकडे बोरिवलीत कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत सुमारे सात मीटर उंचीचे दोन बुद्ध उभे आहेत, नाणी न मागता. अंधेरीत महाकाली लेणी, गोराईला २००९ पासून बिनखांबी घुमटाचा विपश्यना पॅगोडा. जायचं सगळ्यांच्याच मनात असतं हो. पण रविवारी गर्दी, सोमवारी नॅशनल पार्क बंद आणि उरलेले दिवस ऑफिस.