मुदतवाढीचे औदार्य

राष्ट्रीय सुरक्षेस धोका संभवतो म्हणून अमेरिकन काँग्रेसने २०२४ साली 'टिकटॉक'विरुद्ध जो कायदा मंजूर केला, आणि १७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो एकमताने वैध ठरवला, त्याची अंमलबजावणी नूतन राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्याच दिवशी फर्मान काढून ७५ दिवस तहकूब केली, हे प्रगल्भ राज्यकारभाराचे लक्षण होय. पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली; ऑगस्टात खुद्द व्हाइट हाउसनेच तेथे खाते उघडले, बहुधा धोक्यावर जवळून नजर ठेवण्यासाठी. कायदा शाबूत, न्यायालय कृतार्थ, प्रजा नृत्यमग्न! राष्ट्राध्यक्षपदी दोनदाच निवडून येण्याची मुभा देणारी बाविसावी घटनादुरुस्ती मात्र या औदार्यास अद्याप पारखी आहे. तीही तूर्त ७५ दिवसांपुरतीच तहकूब करण्यास कोणाची हरकत नसावी.