नखं येईपर्यंत

लसूण नखानं सोलतात. चिकटपट्टीचं हरवलेलं टोक नखानं शोधतात. मटाराच्या शेंगेची शीर, संत्र्याची साल, नव्या कुर्त्यावरची किमतीची चिठ्ठी, औषधाच्या पाकिटात रुतून बसलेली गोळी, चावीच्या कडीत शिरायला तयार नसलेली दुसरी चावी, सेफ्टी पिनचं तोंड, एवढ्या सगळ्यांसाठी निसर्गानं बोटांच्या टोकाला दहा अवजारं फुकट बसवून दिली आहेत. माझी दहाही सध्या दुरुस्तीला आहेत. चिकटपट्टीचं टोक मी दातानं शोधते. बाकीच्या कामांचं काय होतं, ते पुढे येईलच.

निमित्त भाचीच्या लग्नाचं. लग्न एकच, पण हल्ली त्याला केळवण, साखरपुडा, मेंदी, संगीत, हळद, रिसेप्शन आणि उरल्यासुरल्या नातेवाइकांसाठी सत्यनारायण, इतकी उपलग्नं असतात. साधं नेलपॉलिश माझ्या हातावर कणकेच्या एका गोळ्यापलीकडे टिकत नाही. जेल दोन-तीन आठवडे जागचं हलत नाही. मात्र साखरपुड्याचा रंग लग्नाच्या शालूला चालत नाही आणि शालूचा रंग सत्यनारायणाला भडक दिसतो, असं घरातल्या सगळ्या तरुण मुलींचं एकमत झालं. मग काढा, लावा, पुन्हा काढा, पुन्हा लावा. त्यात पार्लरमध्ये योजना होती, हाताच्या नखांवर पायाची निम्म्या दरात. निम्म्या दराला नाही म्हणणारी बाई आमच्या घराण्यात जन्माला यायची आहे.

जेल वाळत नाही, जमतं. बाटलीत ॲक्रिलेटची रसायनं सुटी सुटी असतात. निळसर दिव्याखाली हात धरला की ती एकमेकांना घट्ट धरतात आणि नखावर प्लास्टिकचा सलग पापुद्रा तयार होतो. या घराण्याचं मूळ दातांच्या दवाखान्यात आहे. 1954 मध्ये फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्यानं दातांसाठीचं ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियमचा कागद वापरून त्यावर नकली नख बसवलं, अशी हकिगत सांगतात. म्हणूनच असेल, पार्लरच्या खुर्चीतही हलू नका म्हणतात आणि बिल ऐकून तोंड आपोआप उघडतं.

लावणं सोपं असतं. खरी परीक्षा काढताना. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा प्रत्येक नखावर ठेवायचा, वर फॉइल गुंडाळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं देवाचं नाव घेत बसायचं. मग पापुद्रा आपण होऊन सुटतो. माझ्या वेळी मागे एक खरीखुरी नवरी खोळंबली होती, त्यामुळे देवाचं नाव अर्ध्यावर राहिलं. पाच मिनिटांत फॉइल उतरलं आणि त्या मुलीनं लोखंडी पट्टी हातात घेतली. तव्याला चिकटलेलं धिरडं सोडवताना उलथनं ज्या कोनात धरतात, बरोबर त्याच कोनात तिनं ती धरली. धिरडं निघालं, तव्याचाही थोडा भाग सोबत आला. हाताच्या नखाची जाडी असते अर्धा मिलिमीटरच्या आसपास. त्यातून कोणी काही उसनं नेलं तर मागे फारसं उरत नाही.

सत्यनारायण आटोपल्यावर शेवटचं जेल उतरलं आणि मी माझी नखं पाहिली. कडेला पापुद्रे सुटलेले, दाबलं की वाकणारी, मध्ये खडूसारखे पांढरे डाग. लहानपणी आकाशातून बगळ्यांचा थवा चालला की आम्ही नखं नखांवर घासत त्यांच्याकडे कवड्या मागायचो आणि नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळ्यानं ऐकलं म्हणून नाचायचो. आता न मागता दहाही बोटांवर मिळालं होतं. पैठणी घडी करून ठेवायला घेतली तर अनामिकेच्या नखाचा फुटका कोपरा पदरावरच्या मोरात अडकला. मोराच्या गळ्यातून जरीची एक तार अलगद बाहेर आली. मोर तसाच आहे, फक्त आता त्याला मिशी आहे.

मग उपाय सुरू झाले. लग्नानं घरातल्या प्रत्येकाचं पाकीट धुऊन निघालं होतं, त्यामुळे उपाय स्वस्त हवा, ही अट मी आधीच जाहीर केली. बाजारात नखं कडक करणाऱ्या बाटल्या मिळतात, त्यांची किंमत जेलच्या तोडीस तोड. त्यातल्या काहींत फॉर्मल्डिहाइडच्या कुळातलं रसायन असतं. त्यानं नख कडक होतं खरं, पण जास्त दिवस लावलं तर इतकं कडक होतं की वाकण्याऐवजी काडकन मोडतं. आमच्याकडे या स्वभावाचे दोन काका आहेत. तिसरा नको म्हणून बाटली राहिली.

सासूबाईंनी मेंदी सुचवली. शेजारच्या काकूंनी लिंबू चोळायला सांगितलं. ते मी केलं आणि सोललेल्या नखाखाली लिंबाचा रस पोचतो तेव्हा माणूस कुठला शब्द उच्चारतो, हे घरातल्या लहान मुलांना कळलं. जाऊबाईंनी फोनवर निदान केलं, "कॅल्शियम कमी पडतंय गं. रोज दूध पी." पांढऱ्या डागांचा आणि कॅल्शियमचा काही संबंध नसतो. नखात कॅल्शियम असतं नावापुरतं, त्याचा कणखरपणा येतो केराटिन नावाच्या प्रथिनातून. पण हे जाऊबाईंना सांगायचं म्हणजे दुधापेक्षा जास्त ताकद लागते. दूध प्यायले.

केमिस्टकडे गेले तर त्यानं न विचारता बायोटिनची पट्टी काउंटरवर ठेवली. या गोळीची वंशावळ मी घरी येऊन शोधली. घोड्यांचे खूर बायोटिननं सुधारतात असं पशुवैद्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यावरून 1990 च्या आसपास काही त्वचारोगतज्ज्ञांनी ते ठिसूळ नखांच्या माणसांना देऊन पाहिलं, आणि काहींची नखं जाड झालीही. पण ती नखं मुळात ठिसूळ होती, खरवडलेली नव्हती. शिवाय अमेरिकेच्या एफडीएनं 2017 मध्ये इशारा देऊन ठेवला आहे की भरपूर बायोटिन पोटात असेल तर रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. थायरॉईडची चुकते, हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी करतात ती ट्रोपोनिनचीही चुकू शकते. म्हणजे नखं घोड्यासारखी आणि हृदयाचा रिपोर्ट रामभरोसे. पट्टी परत केली. केमिस्टनं पैसे दिले नाहीत, बदल्यात व्हॅसलिनची डबी दिली. ही देवाणघेवाण पुढे माझ्या सबंध उपचारातली सगळ्यात शहाणी ठरली, हे श्रेय त्याला द्यायला हवं.

कारण शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले त्यांनीही तेच लिहून दिलं. त्यांनी माझा हात दिव्याखाली धरला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "हे नख मेलेलं आहे."

"कुठलं?"

"सगळीच. नख मेलेलंच असतं. जिवंत भाग इथे खाली." त्यांनी नखाच्या बुडाशी, कातडीच्या घडीपाशी बोट ठेवलं. "तिथून नवं तयार होतं आणि जुनं पुढे ढकललं जातं. जे खरवडलं गेलं ते भरून येत नाही, पुढे सरकत सरकत कापलं जातं. तुम्ही फक्त ते टोकापर्यंत सुखरूप पोचू द्या."

एवढे दिवस मी एका दिवंगताला दूध पाजत होते.

सुखरूप पोचू देण्याचे नियम मात्र सगळे बिनपैशाचे. नखं तोकडी कापायची, म्हणजे अडकणार नाहीत. कडा एकाच दिशेनं हलक्या हातानं घासायच्या. बुडाची कातडी कापायची नाही, कारण ती नखाच्या कारखान्याचा दरवाजा आहे. रात्री व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळून सुती हातमोजे घालायचे. हातमोजे नव्हते, म्हणून मी नवऱ्याचे जुने सुती पायमोजे हातात घालून झोपू लागले. त्यात पहाटेचा गजर बंद करता येत नाही. मोबाईलला पायमोज्याचा स्पर्श कळत नाही, तो वाजतच राहतो, आणि अंधारात नवऱ्याला आपल्याच मोज्यांनी दोन थपडा बसतात.

शेवटचा नियम त्यांनी जरा जोर देऊन सांगितला, पाण्यापासून दूर राहा. नख पाणी शोषून फुगतं आणि वाळून आकसतं. दिवसातून दहादा हे झालं की त्याचे थर एकमेकांना सोडू लागतात. साबण असेल तर आणखी वाईट. "भांडी, धुणं, सगळ्याला मोजे. किंवा," आणि इथे त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "दुसऱ्या कुणाला करू द्या." त्यांनी चिठ्ठीवर ते लिहिलंही. ती चिठ्ठी मी फ्रिजच्या दाराला चुंबकानं लावली आहे. माझ्या शिक्षणाच्या कुठल्याही प्रमाणपत्राला घरात इतका मान मिळालेला नाही.

सकाळची भांडी आमच्याकडे मावशी घासतात, रात्रीची माझी. ती नवऱ्याकडे गेली. लसूण त्याच्याकडे गेला. मटार सासऱ्यांकडे गेले. ते शेंगा वर्तमानपत्रावर पसरून अग्रलेखासकट सोलतात. फरशीवरचे डाग, कुकरच्या शिट्टीत अडकलेली डाळ, बाटल्यांवरची लेबलं, सगळ्यांना नवे मालक मिळाले. खर्च विचाराल तर एक व्हॅसलिनची डबी. खोबरेल घरातलंच. उरलेला खर्च इतरांनी वाटून घेतला, आणि स्वस्त उपचाराची एवढी चोख व्याख्या मला कुठल्याच मासिकात सापडलेली नाही.

व्याख्येत एक गाठ आहे, ती मावशींनी दाखवली. त्यांच्यासाठीही मी रबरी हातमोजे आणून ठेवले. त्यांनी एक बोट घालून पाहिलं आणि मोजा ओट्यावर ठेवून दिला. "वैनी, यात ताट निसटतं. आणि चार घरं करायचीत, काढत-घालत बसू का?" मी त्यांची नखं बघायला मागितली. लाजून त्यांनी हात पुढे केला. नखं होती पण वाढलेली नव्हती, टोकं झिजून बोटाच्या मागे गेलेली. "वाढतच नाहीत. घासणीच खाते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. उजव्या मधल्या बोटाला नखुरडं होऊन गेल्याची खूण होती. तेव्हा बोटावर पोखरलेलं लिंबू चढवून त्यांनी डाव्या हातानं चारही घरची भांडी घासली होती. माझ्या चिठ्ठीतला तो नियम त्यांच्या दृष्टीनं कुठे बसतो, हे मी त्यांना वाचून दाखवलं नाही. नखुरड्याच्या दिवसांत एका घरी सुट्टी मागितली तर तिथे पगार कापला होता, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. ते घर कुठलं, हे मी विचारलं आणि ते आमचं नव्हतं हे ऐकून मला जरा जास्तच हायसं वाटलं.

नवऱ्यानं सुरुवातीचे दिवस हौसेनं भांडी घासली. मग त्याला अंत कुठे आहे हे जाणून घ्यायची इच्छा झाली. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे इच्छा झाली की तो माहिती काढतो. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं आपल्या अंगठ्याच्या नखाची वाढ पस्तीस वर्षं मोजली, हे त्याला सापडलं. बीन नखाच्या बुडाशी खूण करायचा आणि ती टोकाला पोचेपर्यंत दिवस मोजायचा. बत्तिसाव्या वर्षी त्याचं नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी 0.095. नवऱ्यानं हे आकडे मोठ्यांदा वाचून दाखवले आणि माझ्याकडे बघत माझं वय मधल्या कुठल्या आकड्यापाशी येतं याचा हिशेब करू लागला. तो मी तिथेच थांबवला.

त्याच्या या उत्साहाला लगाम घालायला मी आपल्या पुण्याचा दाखला दिला. श्रीधर चिल्लाळ यांनी 1952 पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत. शाळेत असताना चुकून मास्तरांचं जपलेलं नख मोडलं आणि बोलणी खावी लागली, तिथून ही जिद्द. पाचही नखं मिळून नऊ मीटरच्या वर गेली आणि 2018 मध्ये न्यूयॉर्कला नेऊन ती यंत्रानं कापावी लागली. सहासष्ट वर्षं! "बघ, घाई न करणारी माणसं पुण्यातही असतात," मी म्हटलं. नवरा थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "त्या सहासष्ट वर्षांत त्यांच्या घरची भांडी कोण घासत असेल?"

आता दर रविवारी तपासणी असते. खिडकीतल्या उजेडात माझा हात टेबलावर ठेवायचा आणि नवऱ्यानं पट्टी लावायची. खरवडलेलं आणि नवं यांच्यामध्ये एक पुसटशी आडवी रेघ आहे. रेघेच्या खाली नख गुळगुळीत, गुलाबी, वर फाटकं. ती रेघ महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वर सरकते. मधलं बोट सगळ्यांत पुढे आहे. उजवा हात डाव्याच्या किंचित पुढे, कारण कामाच्या हाताची नखं वेगानं वाढतात, अर्थात काम केलं तर. कालनिर्णयवर त्यानं गुढीपाडव्याच्या चौकोनात पेन्सिलीनं एक बारीक कढई काढून ठेवली आहे.

"पाडव्यापर्यंत पूर्ण येतात," गेल्या रविवारी त्यानं जाहीर केलं.

"अंगठा मागे आहे."

"अंगठ्याशिवाय चालेल."

"आणि पायाची?" मी विचारलं. "पायाच्या नखांना वर्ष-दीड वर्ष लागतं. पायालाही लावलं होतं, निम्म्या दरात."

त्यानं पट्टी खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भांडी तू पायानं घासायचीस का?"