काच खाली, आवाज बंद

जपानी मोटारीच्या जाहिरातीत मोटारीआधी गाणं पळतं. १९७२ साली निस्सान स्कायलाइनसाठी 'बझ' या गायकजोडीने गायलेलं गाणं गाजलंच. त्या जाहिरातीत दिसलेला होक्काइदोतला पॉप्लरसुद्धा पर्यटनस्थळ झाला. (झाडाला मानधन मिळालं नसावं.)

पण खरी कमाल १९८८ची. निस्सान सेफिरोच्या जाहिरातीत गाडीच्या खिडकीतून लोकप्रिय गायक योसुई इनोउए हसतमुखाने विचारत, ''मंडळी, बरे आहात ना?'' नेमके तेव्हाच सम्राट हिरोहितो अत्यवस्थ झाले. देशभर समारंभ आवरते घेतले गेले आणि प्रजेच्या तब्येतीची चौकशी अशिष्ट ठरली. मग आवाज तेवढा कापला. गाडी तीच, काच खाली, इनोउए बिनआवाजी ओठ हलवताहेत! काय विचारताहेत, हे घराघरात ठाऊक. गाडी विकायला मात्र कसलीच हरकत नव्हती.