आणखी पंचवीस मेगाहर्ट्झ

रिझर्व्हही संपल्यावर स्कूटर आडवी करून पेट्रोल पंप गाठणाऱ्या वडिलांचा मी मुलगा. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, तुझं ग्राफिक्स कार्ड आहे त्यापेक्षा जोरात पळेल, तेही फुकटात," तेव्हा 'फुकटात'च्या पुढचे काही ऐकायची गरजच उरली नाही.

कार्ड २०१६ सालचे, जीटीएक्स १०६०. खोक्यावर बूस्टचा वेग १७०८ मेगाहर्ट्झ छापलेला. प्रत्यक्षात ते कोणी न सांगता १९००च्या आसपास पळत होते. म्हटले, काय गुणी कार्ड आहे! भाच्याने हवा काढली. २०१२च्या जीटीएक्स ६८०पासून कार्डे आपले तापमान आणि वीज स्वतःच बघतात आणि वाव दिसला की वेग स्वतःच वाढवतात. म्हणजे कंपनीनेच स्कूटर आडवी करून विकलेली. आता माझ्या वाट्याला राहिले काय, तर टाकीच्या कोपऱ्यातले दोन थेंब.

तेही सोडायचे नाहीत, हा घराण्याचा बाणा.

पूर्वीच्या लोकांची चंगळ होती. १९९८च्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरला मदरबोर्डवर ६६च्या जागी १०० मेगाहर्ट्झची बस दिली की ३००चे थेट ४५० व्हायचे. दीडपट! तेवढ्यासाठी महागडा प्रोसेसर घेणाऱ्या शेजाऱ्याकडे वर्षभर कीव येऊन बघता येत असे. आज दीडपट सोडाच, सात टक्के मिळाले तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती आहे.

आफ्टरबर्नर नावाचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. अलेक्सी निकोलायचुक या रशियन माणसाने लिहिलेला, चकटफू, आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालणारा. त्यात कोअर क्लॉकचा स्लायडर असतो. तो पंचवीसने उजवीकडे सरकवायचा, चाचणी लावायची आणि श्वास रोखून बसायचे. सरकवायला एक क्षण, बसायला अर्धा तास. ओव्हरक्लॉकिंग नावाच्या या छंदात बहुतेक वेळ बसण्यातच जातो, हे कोणी आधी सांगत नाही.

चाचणीला फरमार्क लावले. यात पडद्यावर एक केसाळ कडे गरागरा फिरते आणि एकेक केस रंगवताना कार्डाच्या तोंडाला फेस येतो. बायको चहा घेऊन आली, पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, या मेदूवड्याला केस का आलेत?" मी म्हटले, "कार्ड स्थिर आहे का बघतोय." "कार्डाचं राहू दे, तुमचं बघा," असे म्हणून तिने खिडकी उघडली. पुण्यातला मे महिना खोलीत आला आणि कार्डाचे तापमान आणखी वर चढले.

या कार्डांची एक खोड आहे. तापमान जरा वाढले की ती तेराएक मेगाहर्ट्झच्या पायरीने हळूच खाली उतरतात. ८३ अंशांच्या जवळ तर भराभर. मी वरून पंचवीस द्यायचे, उन्हाने खालून काढून घ्यायचे. पंख्यांचा वेग वाढवला तर खोलीत बोललेले ऐकू येईना. त्याला घरातून विरोध झाला नाही.

वेग फार वाढला की आधी पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात, मग चित्र गोठते. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिले नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. पडदा काळा होऊन परत येतो. जळत काहीच नाही. नुसतेच मेगाहर्ट्झ वाढवून, व्होल्टेजला हात न लावता, कार्ड मारणे फार अवघड आहे. भाच्याला मात्र थोडा तरी धूर अपेक्षित होता.

मेमरीचे प्रकरण जास्त लबाड. कार्डाच्या जीडीडीआर५ मेमरीत चूक सापडली की तो मजकूर पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे एका मर्यादेपुढे आकडा वाढत राहतो, ठिपके दिसत नाहीत आणि काम मात्र मंदावते. नोकरदार मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शेवटी कोअर २०२५वर टेकला. भाच्याच्या मित्राचे तेच कार्ड २१००ला चालते. एकाच कारखान्यात, एकाच घाटाच्या चिप असल्या तरी कोणती जास्त पळेल हे ती कापली जाते तेव्हाच ठरलेले असते. इथे कर्म चालत नाही, जन्म बघावा लागतो.

आता हिशेब. आधी खेळ सेकंदाला ५५ फ्रेम देत होता, आता ५८. या तीन फ्रेम डोळ्यांना दिसतात का? भाचा म्हणाला, "दिसतात." मी त्याच्या नकळत सेटिंग मूळपदावर आणून पुन्हा विचारले. तो म्हणाला, "बघ, किती स्मूद!" खेळ कोणता होता हे आम्हां दोघांनाही आठवत नाही; आम्ही कोपऱ्यातला आकडाच बघत होतो.

विजेचे गणित तर याहून कडू. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले तर वीज साधारण तेहेतीस टक्के जास्त. पण हेच गणित उलटेही चालते. व्होल्टेज थोडे उतरवले तर वेग जवळजवळ तेवढाच राहतो, उष्णता आणि आवाज घटतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की व्होल्टेजचा आलेख उघडतो; खरा माल तिथे आहे. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. घरातल्या बाकीच्या मंडळींनाही ते पसंत पडते.

तेव्हा वाचकहो, आधी कॅबिनेट उघडून धूळ झटका, मग व्होल्टेज कमी करून बघा. एवढे करूनही हात शिवशिवत असतील, तर ओव्हरक्लॉकिंग डिसेंबरात करा. खोली गार असली की कार्ड स्वतःहूनच एक-दोन पायऱ्या वर चढते, आणि त्याचे श्रेय तुम्हाला घेता येते.