ह्यांचे त्रैराशिक

आमच्या घरची रोजकीर्द लग्नापासून मीच लिहीत आले आहे. तिच्यात जमेच्या बाजूस ह्यांचा पगार असे आणि खर्चाच्या बाजूस ह्यांचा उत्साह. हे तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. दिवसभर परक्यांच्या जमिनींचे फेरफार आणि वारसांच्या कैफियती नजरेखालून घातल्यावर, ज्याच्यावर अद्याप कोणाचाही बोजा चढलेला नाही असा एक कोरा कागद घेऊन सायंकाळी त्यावर त्रैराशिक मांडीत बसणे, हाच त्यांचा विरंगुळा. गणिताला ह्यांचा हात उत्तम. दोष असलाच तर एवढाच, की ह्यांच्या गुणाकारात कोणी मरत नाही, कोणी आजारी पडत नाही आणि माल घेणारा कधी परागंदा होत नाही.

1993 साली सागाची रोपे आली. म्हणजे रोपे नव्हे, त्यांची पावती आली. वीस वर्षांत लक्षाधीश व्हावयाचे होते. सागाला पक्के व्हावयास पन्नास-साठ वर्षे लागतात हे मी म्हटले, तेव्हा “अगं, तू दूरवरचं पाहतच नाहीस,” असे उत्तर मिळाले. ती कंपनी आमच्या वृंदावनातल्या तुळशीइतकीही टिकली नाही. पावती मी जपून ठेवली आहे. तिच्यावर छापलेले झाड तेवढे अजून हिरवे आहे. त्यानंतरची गांडुळे पहिल्याच वळवात रजेचा अर्ज न देता निघून गेली. सफेद मुसळीविषयी मी लिहिणार नाही. ते पैसे माझ्या भावाचे होते.

परंतु ह्यांच्या प्रतिभेचा खरा विलास 2010 साली मिरजेजवळच्या आमच्या चार गुंठ्यांत एमू आले तेव्हा दिसला. पुरुषभर उंचीचा, उडता न येणारा आणि मनुष्याकडे जप्तीच्या बेलिफासारखा पाहणारा हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तेथे 1932 साली पिकांचा नाश करणाऱ्या एमूंवर सरकारने लष्कराची माणसे, दोन मशिनगनी आणि दहा हजार काडतुसे धाडली, आणि अखेर लष्करालाच माघार घ्यावी लागली, ही हकिकत ह्यांनी मला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. “फौजेला जो हटला नाही, तो रोगाला काय हटणार?”

“अहो, फौजेला जो आवरला नाही, तो तुम्हांला आवरणार?” मी विचारले. ह्यांनी ते इतिवृत्तात घेतले नाही.

करारनामा मुद्रांकाच्या कागदावर होता. पाच जोड्या आपण पाळावयाच्या आणि अंडी ठरल्या भावाने कंपनीने उचलावयाची. माझ्या पाटल्या तारण पडल्या. ह्या पक्ष्यांत अंडी नर उबवतो, सुमारे आठ आठवडे अन्नाला न शिवता एका जागी बसून राहतो, हे वाचून मला एमूंविषयी जो आदर वाटला तो करारनाम्याविषयी कधीच वाटला नाही. पण अंडी यंत्रात उबवली जाणार असल्यामुळे बिचाऱ्या नरालाही ह्या उद्योगात काम उरले नाही, आणि तोही ह्यांच्याबरोबर कुंपणाशी उभा राहून दूरवर पाहू लागला. चकाकणारी वस्तू दिसली की एमू ती गिळतो. एकाने माझ्या कुडीची फिरकी गिळली. ह्या धंद्यात गेलेला तो माझा दुसरा दागिना. पहिल्याची निदान पावती मिळाली होती.

पुढल्या थंडीत अंडी आली, गर्द हिरवी, एकेक अर्ध्या शेराची. कंपनीची गाडी दोनदा आली. मग नुसते फोन येऊ लागले, मग आम्हीच करू लागलो, आणि 2012 साली तमिळनाडूतल्या एमूपालनाच्या योजना कोसळल्याचे वर्तमान छापून आले त्या सुमारास आमच्या कंपनीच्या कचेरीलाही कुलूप दिसले. पक्ष्यांना वर्तमानपत्र वाचता येत नसल्यामुळे त्यांचा खुराक पूर्ववत चालू होता. एका अंड्याचे आम्लेट मी केले, ते शेजाऱ्यांसह अकरा माणसांना पुरले. आम्हांला मिळालेला लाभांश तेवढाच. अखेर पाचही जोड्या एका शेतकऱ्याच्या पदरात घातल्या, चार पोती खाद्य आणि वाहनखर्च देऊन. मुलीकडच्यांनी हात जोडून उभे राहावे तसे हे निरोप देताना उभे होते.

त्यानंतर पाच-सहा वर्षे आमच्या घरात शांतता नांदली. हे सेवानिवृत्त झाले, आमटीतले मीठ काढू लागले, आणि वीजबिल मुदतीच्या आधी भरू लागले. मी देवाजवळ हेच मागितले होते; तरी रोजकीर्दीच्या खर्चाच्या बाजूस नुसती भाजी आणि दूध पाहून मला चुकल्याचुकल्यासारखे होई.

2018 साली झाबुआच्या कडकनाथ कोंबड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी टाकाचा आवाज आला. हे झोपल्यावर मी तो कागद चष्मा लावून पाहिला. शंभर पिल्ले, शंभर कोंबड्या. मृत्यूला अर्थातच मज्जाव. मी तांबड्या शाईने वीस मारल्या. मग लक्षात आले, की पाच महिन्यांनी विकावयाच्या पक्ष्यांवर ह्यांनी खाद्य बारा महिन्यांचे लावले आहे. ती रक्कम दुरुस्त करून मी पुन्हा बेरीज घेतली, ताळा घेतला. वीस मरूनही नफा ह्यांच्या आकड्यापेक्षा अधिकच निघत होता.

मी दिवा लावला आणि ह्यांना उठवले.