भाऊसाहेबांचा अंगठा

महाडच्या बाजारपेठेत, किंवा गोव्याच्या हमरस्त्यापासून आंबेनळी घाटाची वाट जेथे फुटते त्या पोलादपुरात, कडक इस्तरीचा सदरा ल्यालेले एक सेवानिवृत्त तलाठी हमखास भेटतात. त्यांचे खरे नाव निवृत्तिवेतनाच्या कागदावर असेल. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणते. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, म्हणजे १९८१ पूर्वी, तेव्हा ते सरकारी चाकरीस लागले, आणि सारी हयात सातबारा व फेरफार यांच्या सहवासात गेल्यामुळे, जे लेखी नाही ते घडलेच नाही, अशी त्यांची दृढ धारणा झालेली आहे. भाजीवालीने मेथीची जुडी नेहमीपेक्षा स्वस्त दिली, तर तिची जबानी घेतल्यावाचून ते पिशवी उघडत नाहीत.

असा हा सावध पुरुष फोन-इंटरनेट विकणाऱ्या पोरांच्या हाती दर साल अलगद सापडतो.

लोभाने म्हणावे, तर तसेही नाही. 'अनलिमिटेड डेटा' हे शब्द कानी पडताच ते चतुःसीमा विचारतात. अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जचा हिशेब करून वर्षाला तेरा हप्ते पडतात हे त्यांनी स्वतः काढले आहे, आणि अधिक मास निदान तीन वर्षांतून एकदा येतो, यांचा दर वर्षीच येतो, असा शेराही मारला आहे. इंटरनेट ज्याला नको त्याच्यासाठी नुसत्या बोलण्याची व संदेशांची योजना ठेवावी, असा दंडक ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये घातला, त्याचे वर्तमानपत्री कात्रण त्यांच्या दप्तरात आहे. पुतण्याने १९०९ वर कळवून जाहिरातींचे फोन बंद करून देतो म्हटले, तर समोरची मुलगी बोलत असता तिच्या तोंडावर दार लावणे कोणत्या घराण्यात बसते, असे त्यालाच विचारले.

त्यांचे मर्मस्थान निराळे आहे. "सर, ऑफर आज रात्री बारापर्यंतच," असे ती मुलगी म्हणते, आणि ज्याने उभ्या हयातीत मुदत टळली म्हणून शेकडो अर्ज निकालात काढले, तो मनुष्य मुदत हा शब्द ऐकताच घामाघूम होतो. ही मुदत उद्या सकाळी पुन्हा सुरू होते, हे त्यांना पटत नाही. सरकारात तसे कधी झालेले नाही. (झाले आहे, पण ते बोलून दाखवण्याची माझी प्राज्ञा नाही.)

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर पोलादपूरच्या एस.टी. स्थानकाबाहेर रंगीत छत्री उभारून बसलेल्या एका पोराने त्यांना गाठले. नंबर तोच, फक्त कंपनी बदलायची. आज शेवटचा दिवस. आजोबा, माझे टार्गेट एकाने अडले आहे. भाऊसाहेबांनी कात्रणातली योजना मागितली. ती छत्रीखाली नव्हती. मग पोराने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि अंगठ्याचे यंत्र पुढे केले. झिजलेली रेघ यंत्रास वाचता येईना. पोराने आपल्या रुमालाने तो अंगठा तीनदा पुसला.

"कशाबद्दल, ते वाचून दाखव," भाऊसाहेब म्हणाले.

"ठरावीकच असतं हो आजोबा. तुम्ही नुसता अंगठा ठेवा."

भाऊसाहेब क्षणभर थांबले. चावडीत शाईची गादी पुढे सरकवून हेच वाक्य त्यांनी किती कुळांना ऐकवले होते, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. त्यांनी अंगठा ठेवला. यंत्रात हिरवा दिवा लागला.

नव्या कंपनीचे जाळे त्यांच्या ओटीवर पोचत नाही, आणि एकदा कंपनी बदलली की नव्वद दिवस पुन्हा बदलता येत नाही. तेव्हा सध्या फोन आला की ते अंगणातल्या फणसाखाली जाऊन उभे राहतात, पाऊस असल्यास छत्री घेऊन. पुतण्या संतापून तक्रार करायला निघाला, तेव्हा त्यांनी रोजकीर्द काढून त्या दिवसाची नोंद त्याच्यापुढे धरली. चहाचे दहा रुपये त्या पोराने दिले, असे वर लिहिले होते, आणि खाली, त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात: 'वाचून दाखविले नाही. बरोबर आहे.'