मीटरकाका

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीला ठाऊक. सोसायटी त्यांना मीटरकाकाच म्हणते. उभी हयात कर खात्यात गेली. आता करदाता एकच उरलाय, ते स्वतः, आणि विवरणपत्र भरायचं ते ग्लुकोमीटरपुढे.

कार्यक्रम सकाळी चहाआधी. स्ट्रिप मीटरात खोचायची, करंगळीशेजारचं बोट दाबून दाबून लाल करायचं आणि टोचणीची कळ दाबताना डोळे गच्च मिटायचे. थेंब टोकाला लागला की स्ट्रिप तो आपसूक ओढून घेते. पुढचे काही सेकंद कुकरनेही शिट्टी मारायची नाही, असा घरात दंडक आहे.

आकडा मनासारखा आला, तर जिन्यात भेटेल त्याला इतिहास. 1962 मध्ये अमेरिकेतल्या लेलंड क्लार्क यांनी इलेक्ट्रोडला ग्लुकोज ऑक्सिडेझ या विकराची जोड देऊन साखर मोजायची वाट दाखवली. आजच्या स्ट्रिपवर विकर साखरेवर काम करतं, इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या इवल्याशा विजेवरून मीटर आकडा काढतं. हे विकर बुरशीपासून मिळवतात, एवढं मात्र काकांना कोणी सांगू नये. पावावर एक ठिपका दिसला तर अख्खी लादी कचऱ्यात टाकणारा माणूस आहे तो.

आकडा चढा आला की अपील. स्ट्रिप दमटली, सेल उतरला, बोटच चुकलं. मग दुसरं बोट, तिसरं बोट, आणि तिन्हींतला सर्वांत कमी आकडा वहीत. अशातच त्यांना कळलं की आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या वरच्या आकड्यात घरगुती मीटरला 15 टक्के इकडेतिकडे चालतं. झालं! वजावटीचं कलम सापडलं. तेव्हापासून 200 आले की वहीत 170. काकूंच्या आकड्यात मात्र 15 टक्के मिळवतात. "सावध असलेलं बरं."

मे महिन्यात एका संध्याकाळी 312 आले. "आंबा खाल्ला नाही, नुसता सोलला!" काका शपथेवर सांगू लागले. काकू हसल्या, मुलगा हसला, सुनेने कोयी मोजल्या. गंमत अशी की हा गृहस्थ त्या दिवशी चक्क खरं बोलत होता. बोटाला फळाचा रस असला तर त्यातली साखर थेंबात उतरते. रक्तातली कुठली नि हापूसची कुठली, स्ट्रिपला काय कळणार? साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं. 148. वजावट जाता 126.

तेव्हापासून जिलबीच्या पंगतीहून आले की काका आधी एक संत्रं सोलतात, हात न धुता टोचून घेतात आणि वहीत शेरा मारतात, "फळाचा रस".

परवा डॉक्टरांनी वही न उघडताच बाजूला सारली आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी लिहून दिली. काका चिठ्ठी उलटसुलट करून पाहत होते.

"डॉक्टर, यात किती टक्के चालतं?"